डावा कफ

मास्तरांनी स्वतः शाळेचं तोंड फार तर चार वर्षं पाहिलं असेल, पण गावातल्या साऱ्या शाळा त्यांना आतून ठाऊक होत्या. आतून म्हणजे अगदी अस्तरापासून. त्यांचं दुकान गणवेश शिवायचं. शिंप्याला मास्तर म्हणायची रीत, म्हणून ते मास्तर. गल्लीच्या तोंडाशी, लाँड्रीला खेटून एक अरुंद खोली. आत दोन मशिनी, कटाईचं लांब टेबल, भिंतीला खुंट्यांवर कागदी माप टांगलेलं, आणि टेबलाखाली चिंध्यांची पोती. वर जिन्यानं गेलं की राहायच्या दोन खोल्या.

कापड खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "पोराची आई खोटं बोलेल, शाळा तर बोलेलच बोलेल. तुम्ही नुसता शर्ट टाका टेबलावर." शर्ट पडला की ते तो उलटा करायचे आणि बोटं फिरवायचे. "हा डावरा आहे. ह्याच्या खिशात दगड असतात. ही पोरगी बाकावर पाय घेऊन बसते. आणि ह्याला अजून आई उचलून घेते, बघा काखेची शिवण कशी ताणलीय." आया लाजायच्या, बाप हसायचे. सांगितलेलं खरंच असायचं.

त्यामुळं पोराला शाळेत घालायची वेळ आली की लोक आधी मास्तरांकडं यायचे. मास्तर, कुठली शाळा बरी? मास्तर लगेच काही बोलत नसत. दुरुस्तीला आलेल्या ढिगातून दोन गणवेश ओढून टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे.

एक नाल्याकाठच्या शाळेचा. गुडघे फाटलेले, खिसा लोंबतोय, दोन बटणं बेपत्ता, पाठीवर चिखलाचा पंजा. दुसरा टेकडीवरच्या शाळेचा. तो गणवेश बाजारातून आत्ता आणावा तसा. इस्त्रीची घडी जागेवर, गुडघ्याला डाग नाही, बटण एकही हललेलं नाही. फक्त कफ तेवढा विरलेला.

"हे बघा," मास्तर कफावर टिचकी मारून म्हणायचे, "लिहून लिहून झिजलाय. गुडघे झिजवायचे का कफ, तुम्ही ठरवा."

लोक ठरवून टेकडी चढायचे. वीस-बावीस वर्षांत मास्तरांनी किती पोरं टेकडीवर धाडली असतील त्याची मोजदाद नाही.

मग त्यांच्या स्वतःच्या घरात ती वेळ आली.

मास्तरांची एकुलती एक लेक इस्पितळात नर्स होती. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. जावई जहाजावर, वर्षातून दोनदा घरी यायचा आणि दोन्ही वेळा पोरगी त्याला पाहून आधी दाराआड लपायची. पोरगी मास्तरांच्याच हाताखाली वाढली. अंगानं काडी, नजर टोकदार आणि नको तिथं हमखास सापडायची, म्हणून तिचं नाव पडलं टाचणी.

टाचणीला अक्षरं कुणी शिकवली नाहीत. मास्तर जुन्या वर्तमानपत्रांवर माप कापायचे. बाहीचं, गळ्याचं, पाठीचं. ती कागदं खुंटीवरून लोंबायची आणि टाचणी खाली बसून वर बघायची. चार वर्षांची व्हायच्या आत एका सकाळी तिनं बाहीवरची बातमी खाडखाड वाचली. "धरणाचे दरवाजे उघडल्यामुळे नदीकाठच्या." तिथं काखेचा गोलवा आला होता, बातमी कापली गेली होती.

"आबा, पुढचं कुठंय?"

मास्तरांच्या तोंडात दोरा होता. तो तसाच राहिला.

"पुढचं... नदीकाठच्या बदकांना पडसं झालं."

"ते तुम्ही बनवलंत. खरं पुढचं कुठंय?"

खरं पुढचं कचऱ्यात गेलं होतं. पण पोरीनं दिवसभर पिच्छा पुरवला. शेवटी मास्तर कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडं गेले आणि त्याच तारखेचं वर्तमानपत्र हुडकून घेऊन आले. रद्दीवाला म्हणाला, "मास्तर, जुनी बातमी कशाला? धरण आटलंसुद्धा." मग हा रोजचाच खेळ झाला. टेपवरून ती पाव, अर्धा, पाऊण शिकली. पाच वर्षांची असताना गिऱ्हाईकाला सांगायची, "काका, मागच्या वेळी तुमची कंबर दीड इंच कमी होती." काका पोट आत घ्यायचे. आणि संध्याकाळी दुकान आवरताना तिचं ठरलेलं: "आबा, पुढचं कुठंय?"

नाल्याकाठच्या शाळेतली एक बाई ब्लाऊज आटवून घ्यायला मास्तरांकडं यायची. जाड चष्मा, मोठा आवाज, पदराला कायम खडूची भुकटी. तिनं टाचणीला पाहिलं, दोन-चार गोष्टी विचारल्या, आणि तिथंच स्टुलावर बसकण मारली.

"मास्तर, पोर माझ्याकडं द्या."

"आणि तुम्ही काय कराल तिचं?"

"गणिताला थोरल्यांच्या वर्गात बसवीन. वाचायला माझं कपाट उघडं ठेवीन. बाकी वेळ तिच्या वयाच्या पोरांत मातीत सोडून देईन. डोकं आठ वर्षांचं असलं तरी पाय पाचचेच आहेत हो तिचे."

मास्तर हसले. "बाई, तुमच्या पोरांच्या गुडघ्यांवर माझं दुकान चालतं, ते उपकार आहेत. पण नातीचा गुडघा नाही देणार."

"फाटलेला गुडघा शिवता येतो, मास्तर."

"म्हणून काय फाडायचा?"

बाई चष्मा पुसत उठली. तिला राग आला नव्हता, पण पुढं तिनं तो विषय काढला नाही.

टाचणीच्या आईचा कल बाईकडं होता. शाळा जवळ, नाला ओलांडला की फाटक. इस्पितळातून येता येता पोरीला घेता येईल. ती जेवताना हे बोलली तेव्हा मास्तर घास ठेवून म्हणाले, "जवळ म्हणूनच तुला तिथं घातली होती. तू डॉक्टर व्हायचीस, नर्स झालीस. ते माझंच चुकलं. तुला आखूड शिवलं मी. हिला नाही शिवणार."

लेक बघत राहिली. "बाबा, मी डॉक्टर होणार होते हे मला तुम्ही आज सांगताय."

"तुझी हुशारी मला दिसत नव्हती का?"

"मला नर्सच व्हायचं होतं."

"असं आता म्हणतेस."

लेक रात्रपाळीला निघाली होती. तिनं ताट उचललं आणि गेली. त्या घरात वाद कधी मिटायचे नाहीत. पाळी आली की थांबायचे.

टेकडीवरच्या शाळेत मास्तर स्वतः गेले, नातीचं बोट धरून. मोठ्या बाईंच्या खोलीत गालिचा होता; मास्तर चप्पल कुठं काढायची ह्या विचारात दारातच घुटमळले. मोठ्या बाईंनी टाचणीपुढं एक छापील पान ठेवलं. तिनं ते भराभर सोडवलं, उलटं करून पाहिलं. मागं कोरं होतं.

"पुढचं कुठंय?"

मोठ्या बाई गोड हसल्या. "इथं प्रश्न आम्ही विचारतो हं."

मास्तरांना ते फार आवडलं. शिस्त म्हणजे शिस्त. पण त्यांचं खरं मन बसलं ते बाहेर. दुपारचे दोन वाजले होते, मुलं रांगेनं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालली होती, आणि सकाळी घातलेली इस्त्रीची घडी एकाही बाहीवर मोडलेली नव्हती. वीस वर्षं कपडे पाहिले होते, आज ते आत मुलं घालून चालताना पाहिले. मास्तरांचे डोळे भरून आले.

टाचणीला त्यांनी एकदम तिसरीत घेतलं. साडेपाच वर्षांची पोर आठ वर्षांच्यांत. एवढ्या लहान मापाचा तिसरीचा गणवेश मास्तरांच्या वहीतच नव्हता. त्यांनी नवं माप कापलं, आत चांगली चार बोटं माया सोडली, म्हणजे पोर वाढेल तसं उसवून मोठं करता येईल. पहिल्या दिवशी तिला घालून गल्लीभर फिरवली. लाँड्रीवाला म्हणाला, "मास्तर, गणवेश चाललाय का पोर चाललीय?" मास्तर म्हणाले, "भरेल ती. पोरं कपड्यात भरतात."

दोन महिने मास्तरांचे पाय जमिनीवर नव्हते. पोरीचे गुण पहिले. कपडे परत यायचे ते जसेच्या तसे. रोज संध्याकाळी ते तिचा गणवेश टेबलावर पसरून बघायचे आणि समाधानानं खुंटीला लावायचे.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी कफ हाताला ओला लागला.

पाणी सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी परत ओला. आठ दिवसांत कडेचा दोरा सुटला, कापडाला भोक पडलं. मास्तरांनी म्हटलं, लिहिते पोर. त्यांनी कफ काढला, नवा लावला, म्हणजे दोन्ही बदलले. एक नवा आणि एक जुना दिसू नये म्हणून कफ नेहमी जोडीनं बदलायचे, हा त्यांचा जुना शिरस्ता. काढलेले कफ टेबलाखालच्या पोत्यात टाकले. टेकडीवरच्या शाळेचे सगळे जुने कफ त्याच पोत्यात जायचे. मशीन पुसायला तेच बरे, सुती आणि जाड.

दहा दिवसांत तो कफसुद्धा गेला. तेव्हा मास्तरांनी तो चष्म्याजवळ नेला. लिहून झिजलेलं कापड खालून पातळ होतं, कडेला नाही. आणि हा तर डावा कफ. पोर लिहीत होती उजव्या हातानं.

त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पोतं ओढून टेबलावर उलटं केलं. कफांचा ढीग पडला. एकेक जोडी लावत गेले. बटण उजवीकडं, काज डावीकडं, शिंप्याला कळायला काय वेळ लागतो? उजवे कफ सगळे धड. उलटसुलट करून परत वापरता येतील इतके धड. आणि डावे सगळे कुरतडलेले. कुणाचा कोपरा, कुणाची पूर्ण कड. काहींवर अजून बारीक दातांचे अर्धगोल दिसत होते.

उजव्या हातात पेन्सिल असते. तोंडात घालायला डावाच मोकळा.

डावरा कोण, खिशात दगड कुणाच्या, हे शर्टावरून सांगणारा माणूस. वीस वर्षं हे त्यांच्याच हातून पोत्यात पडत होतं.

टाचणी जिन्याच्या पायरीवर बसली होती. मास्तर तिच्या शेजारी जाऊन बसले.

"टाचणे, कफ का गं खातेस?"

"खात नाही. धरते."

"का?"

तिनं विचार केला. "उत्तर तोंडात येतं ना, मग धरते. नाहीतर ते बाहेर पडतं."

"पडलं तर काय होतं?"

"मग बाई दुसऱ्या मुलांना म्हणतात, बघा, एवढीशी पोर सांगते आणि तुम्ही घोडे झालात. मग मधल्या सुट्टीत ते माझ्याशी बोलत नाहीत." मग मास्तरांची समजूत काढावी तसं म्हणाली, "आणि मधल्या सुट्टीत तसं पण बाकावरच बसायचं असतं. कपडे मळतात."

इथं मास्तरांनी जे केलं ते मी झाकून ठेवणार नाही. त्यांनी लेकीला काही सांगितलं नाही. नवा कफ लावला. आठवड्यानं आणखी एक. मग जाड कापडाचा, दुहेरी. बोलायचं म्हणजे वीस वर्षांचं बोलावं लागलं असतं. सगळी गल्ली त्यांच्या शब्दावर टेकडी चढली होती. सहा आठवडे तो माणूस रोज संध्याकाळी ओल्या कफावर इस्त्री फिरवत होता आणि सकाळी पोरीला कोरड्या कफात शाळेत सोडत होता. एकदा तर त्यांनी कफाला कडू काढा लावून पाहिला. पोरगी तो कडू कफही धरून बसली.

लेकीच्या लक्षात आलं ते सुट्टीच्या दिवशी. ती पोरीला न्हाऊ घालत होती, पोरीनं मनगट तोंडात धरलेलं. कफ अंगात नव्हता, म्हणून कातडीच. मनगटावर लाल अर्धगोल होते, जुने आणि नवे.

ती ओल्या हातांनी जिना उतरली. दुकानात गिऱ्हाईक होतं, टेकडीवरच्याच एका मुलाची आई. लेकीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, हे कधीपासून?"

मास्तरांनी कात्री ठेवली. "दोन महिने."

"तुम्हाला दोन महिने माहीत होतं?"

"मी कफ बदलत होतो."

"कफ बदलत होतात." ती एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. इस्पितळात माणूस गेल्यावर नातेवाइकांशी बोलतात, तसा तिचा आवाज होता. "मला आखूड शिवलं म्हणून रडत होतात ना? मी त्या मातीतल्या शाळेत सुखी होते, बाबा. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. तुम्ही नुसते कपडे बघत राहिलात."

गिऱ्हाईक बाई अवघडून उभी होती. मास्तरांनी तिच्या हातातला शर्ट घेतला, डावा कफ उलटला आणि म्हणाले, "ताई, हा लिहून झिजलेला नाही. पोरगा चावतो हा. त्याला विचारा काय होतंय."

बाईचा चेहरा उतरला. "अहो, तुम्हीच तर सांगितलं होतंत, ह्याच शाळेत घाला म्हणून."

"मीच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या सोमवारी ते नाल्याकाठच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. आत नुसता गोंगाट. जाड चष्म्याची बाई पोरांच्या लोंढ्यातून वाट काढत आली. हात दाखवून अवलक्षण करून आलेला माणूस तिनं ओळखला.

"पाठवा," ती म्हणाली. "पण मास्तर, मी काही जादूगार नाही. उसवलेलं तुम्ही उशिरा आणलंत."

मास्तरांनी टाचणीला नाल्याकाठच्या शाळेचा गणवेश शिवला; तिथं पोरापोरींना सारखीच पँट. गुडघ्याला दुहेरी कापड घालायची त्यांची पद्धत, ती ह्या वेळी मुद्दाम घातली नाही. उलट उरलेल्या कापडातून गुडघ्याचं एक ठिगळ कापलं, कडा दुमडून धावदोरा घातला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. तयार असावं म्हणून.

टाचणी शाळेत जाऊ लागली. बाईनं शब्द पाळला. गणिताला थोरल्यांत, वाचायला कपाट उघडं, बाकी वेळ मातीत. पण टाचणी मातीच्या कडेला उभी राहायची, हात पाठीमागं बांधून. कुणी ओढलं तर जायची, सोडलं की परत कडेला. कपाटातलं पुस्तक दिलं तर वाचायची, सांगितलेल्या पानापर्यंत. पान संपलं की पुस्तक मिटून बाईकडं बघायची. "बरोबर आहे ना?"

रोज संध्याकाळी मास्तर तिचा गुडघा बघायचे. वर वर. "आज काय खेळलात?" म्हणत हात गुडघ्यावरून फिरवायचे. कापड गुळगुळीत. इस्त्रीची घडी जागेवर. ती घडी आता त्यांना बघवत नसे.

एकदा त्यांनी खुंटीवरचं माप काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "'रात्री अचानक लागलेल्या आगीत बाजारातली' आणि गेलं, काखेत कापलं गेलं!" आणि थांबले. टाचणी बटणांचा डबा लावत होती, मोठी एकीकडं, बारकी एकीकडं. तिनं वर पाहिलं, आजोबा काय ऐकायची वाट बघतायत ते तिला कळलं नाही, आणि ती परत बटणं लावू लागली. त्या तारखेचं वर्तमानपत्र मास्तरांनी आधीच रद्दीवाल्याकडून आणून मशीनच्या खाली ठेवलं होतं.

लेक म्हणायची, "वेळ द्या तिला. रोज रोज गुडघा चाचपू नका. तिला कळतं."

तिला कळत होतंच. हुशार पोर ती.

परीक्षेच्या आधीची संध्याकाळ असेल. मास्तर लाँड्रीत कपडे द्यायला गेले होते. परत आले तर टाचणी टेबलापाशी उभी होती, गणवेशातच.

"आबा, गुडघा फाटला."

मास्तर खाली बसले. उजव्या गुडघ्यावर बोटभर लांबीचं भोक होतं.

"अरे वा," ते म्हणाले. "पडलीस की काय?"

"हो."

"कुठं?"

"मैदानात. पळताना."

मास्तरांनी भोकात बोट घातलं. आतली कातडी गोरीपान, ओरखडा नाही, मातीचा कण नाही. फाटलेल्या कापडाचे दोरे लोंबतात, लांब-आखूड होतात, एखादा गाठीत अडकतो. इथं सगळे दोरे एका रेषेत, बरोब्बर सारखे होते. टेबलावर त्यांची काजं कापायची छोटी कात्री होती. नेहमी तिचं टोक भिंतीकडं असायचं, आज दाराकडं होतं.

टाचणी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. पान सोडवून देऊन उभं राहतात तसं.

"बरोबर आहे ना, आबा?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "काढ, शिवून देतो."

त्यांनी खण उघडला, तयार ठेवलेलं ठिगळ काढलं आणि भोकावर बसवलं. माप अचूक आलं. टाचणी शेजारी स्टुलावर बसून टाके मोजत होती. मशीनवर दोन मिनिटांचं काम, पण मास्तरांनी ते हातानं घातलं, बारीक, एकेक. सुई दोनदा बोटात गेली तरी मान वर केली नाही.